रेवड्यांवरची कुस्ती

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आनेकल येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानासाठी मंडळाने आम्हांस पाचारण केले, तेव्हा विषयाची निवड आमच्यावरच सोपवली होती. अशा प्रसंगी संतवाङ्मयावर बोलावे, शहाजीराजांच्या बंगळूरविषयी बोलावे, निदान परप्रांतातील मराठीच्या भवितव्याबद्दल चिंता तरी व्यक्त करावी, असा प्रघात आहे. आम्ही चिटणीसांना कळवले की आम्हांस कुस्तीवर बोलावयाचे आहे. त्यांना आनंद झाला. मग आम्ही हळूच जोडले, की कुस्ती ब्राझीलची आहे. तेव्हा मात्र दूरध्वनीवर क्षणभर शांतता पसरली.

या विषयाचे कारण आपल्या घरांतच आहे. अत्तिबेले, चंदापूर, जिगणी, इलेक्ट्रॉनिक सिटी या भागांत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांतील मुले आज कराटे शिकतात, जूडो शिकतात, आणि अलीकडे ब्राझिलियन जिउ-जित्सू नावाची विद्याही शिकू लागली आहेत. वर्ग लावून तीन-चार महिने होतात न होतात तोच पहिल्या स्पर्धेचे पत्रक घरी येते. मग आई म्हणते, इतक्यात नको. वडील म्हणतात, उतरू दे, पदक आणील. नवशिक्याला पहिल्या स्पर्धेत यश कशाने मिळते, आणि मुळात त्या यशाला यश केव्हा म्हणावे, एवढाच आजचा प्रश्न आहे. या प्रश्नाचे उत्तर आम्ही एकदा चुकलो आहोत. त्या चुकीची किंमत मात्र दुसऱ्याने दिली. ती हकीकत पुढे येईलच.

प्रथम या विद्येची कुळकथा. जपानमध्ये जिगोरो कानो यांनी १८८२ साली जुन्या जुजुत्सूतून जूडो घडवला आणि कोदोकान ही संस्था स्थापन केली. तेथे तयार झालेले मित्सुयो माएदा हे मल्ल देशोदेशी कुस्त्या करीत १९१४ साली ब्राझीलला पोहोचले आणि पुढे बेलें शहरी स्थायिक झाले. त्यांच्यापासून कार्लोस ग्रेसी यांनी ही विद्या घेतली. कार्लोस यांचे धाकटे बंधू हेलिओ हे देहाने किरकोळ. बलवान माणूस अंगावर आला असता दुबळ्याने खाली राहूनही कसे लढावे, या अंगाचा या कुटुंबाने विशेष विस्तार केला. १९९३ साली अमेरिकेतील डेन्व्हर येथे हेलिओ यांचे चिरंजीव रॉयस यांनी आपल्याहून वजनदार प्रतिस्पर्ध्यांना एकाच रात्री नमवले, आणि ही विद्या जगभर पसरली.

आपल्या कुस्तीहून हिचा मोठा भेद असा, की आपल्याकडे पाठ मातीला लागली की खेळ आटोपला. चीतपट झाला, अस्मान दिसले, संपले. येथे पाठ गादीला लागली म्हणजे कित्येकदा खेळास आरंभ होतो. खालचा मल्ल दोन्ही पायांनी वरच्याला अडवून धरतो, उलथवतो, त्याचा हात किंवा गळा पकडतो. पकड पक्की बसली की सापडलेला मल्ल हाताने दोनदा थोपटतो. थोपटले की कुस्ती संपली. कोणीही न थोपटल्यास गुणांवर निर्णय होतो.

आता आमची हकीकत. आमचा पुतण्या बंगळूरला अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात होता. वसतिगृहातील मित्रांच्या नादाने तो या वर्गाला जाऊ लागला आणि पाचव्या महिन्यात स्पर्धेत उतरला. पांढरा पट्टा, म्हणजे अगदी नवशिका. आमचे बालपण सातारा जिल्ह्यातले. गावच्या जत्रेतील कुस्त्या पाहून आमचे डोळे तयार झालेले. आपल्याला कुस्ती कळते, या ठाम समजुतीने आम्ही गादीच्या कडेला खुर्ची टाकून बसलो.

सलामी झाली आणि अर्ध्या मिनिटात पोरगा आपण होऊन पाठीवर पडला. आम्ही कपाळाला हात लावला. शेजारच्या कन्नड गृहस्थांनी समजावले, की त्याने हे मुद्दाम केले आहे. पुढे प्रतिस्पर्ध्याने त्याच्या पायांचा अडसर ओलांडला, छातीवर बसला आणि त्याचा उजवा हात लांब करून कोपरात पकडला. त्या क्षणी आम्ही उभे राहिलो आणि सर्व शक्तीनिशी ओरडलो, "सोडू नकोस! हार मानू नकोस!"

त्या सभागृहात मराठी समजणारा बहुधा तो एकटाच होता, आणि त्याने ते ऐकले. डावा हात थोपटण्यासाठी उचललेला आम्ही पाहिला; तो तसाच थांबलेलाही पाहिला. क्षणभरच. मग कोपरातून बारीकसा आवाज आला आणि पंचाने कुस्ती थांबवली. हाड मोडले नव्हते, स्नायुबंध ताणला गेला होता. तीन आठवडे हात झोळीत राहिला, आणि सहामाही परीक्षेचे पेपर त्या पोराने कसेबसे लिहिले. परतताना रिक्षात तो एवढेच म्हणाला, "काका, मी थोपटणार होतो."

मित्रहो, त्या वाक्यावर आम्ही पुष्कळ दिवस विचार केला. आमच्या गावच्या जत्रेत मोठ्या कुस्त्यांच्या आधी काय होत असे, ते आठवले. दुपारी ढोल वाजू लागला की मैदानात सर्वांत आधी उतरत ती सहा-सात वर्षांची पोरे. त्यांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागत. त्यांहून थोरली पोरे नारळावर, त्यांच्यापुढची पाच-दहा रुपयांवर, आणि असे करीत करीत दिवस कलताना इनामाची मोठी कुस्ती. या रेवड्यांच्या कुस्त्यांना मोठी माणसे हसत, आम्हीही हसत असू. 'रेवड्यांवरची कुस्ती' हा शब्द आपण हलक्या गोष्टीसाठी वापरतो. पण त्या पद्धतीत जुन्या माणसांचे केवढे शहाणपण होते, हे कळायला आम्हांस पुतण्याचा हात झोळीत पाहावा लागला.

त्यातील पहिले शहाणपण जोड लावण्याचे. पंच दोन पोरांना पाठीला पाठ लावून उभे करी, खांदे पाही, दंड चाचपी, कोणाच्या तालमीत किती दिवस जातोस ते विचारी, आणि मगच हात मिळवू देई. कर्नाटकातही हीच रीत आहे. गरडी मने म्हणजे आपल्या तालमीच. म्हैसूरच्या दसऱ्यातील कुस्त्यांपूर्वी मल्लांच्या जोड्या ठरवण्याचा स्वतंत्र कार्यक्रम असतो, आणि कन्नड माणूस त्याला 'जोडी कट्टुवुदु' म्हणतो. शब्द तोच, काळजीही तीच. ब्राझीलच्या विद्येत पट्ट्याचा रंग, वय आणि वजन यांवरून गट पाडतात, तेही जोड लावणेच. नवशिक्याचे निम्मे यश येथेच ठरते. आपला मुलगा चांगला आहे म्हणून त्याला वरच्या गटात ढकलू नये. खालच्या गटात बसावा म्हणून उपाशीही ठेवू नये. या विद्येच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धांत वजन अंगरख्यासह आणि पहिल्या कुस्तीच्या अगदी थोडा वेळ आधी होते. पाणी तोडून वजन उतरवणारा मुलगा तहानलेलाच गादीवर उभा राहतो, आणि दुसऱ्या मिनिटाला त्याचे पाय त्याचे राहत नाहीत.

दुसरे शहाणपण, थोडे पण पक्के. पुतण्याचा हात बरा झाल्यावर आम्ही त्याच्या वर्गात जाऊन बसू लागलो. तेथे एक गोष्ट ध्यानात आली. नवशिक्यांना दर आठवड्याला नवा डाव हवा असतो. चार महिन्यांत चाळीस डाव पाहिलेले असतात आणि गादीवर त्यांतला एकही आठवत नाही, कारण भीतीच्या वेळी माणसाला माहीत असलेले उपयोगी पडत नाही, अंगवळणी पडलेलेच उपयोगी पडते. आपल्या तालमीतला वस्ताद नव्या पोराला ढाक, कलाजंग, धोबीपछाड हे सर्व पहिल्या वर्षी देत नसे. एकेरी पट दे, म्हणे, आणि दिवसाला शंभरदा दे. पहिल्या स्पर्धेला पाच गोष्टी पुरतात, असे पुतण्याच्या शिक्षकांनी आम्हांस सांगितले: खाली पाडण्याचा एक डाव, पायांचा अडसर ओलांडण्याची एक रीत, वर राहून दाबून धरण्याची एक बैठक, खालून निसटण्याची एक वाट, आणि शेवट करणारी एक पकड. पाचही अशा, की एकीचा शेवट तेथे दुसरीचा आरंभ. आणि या पाचांत निसटण्याची वाट सर्वांत आधी शिकावी. ज्याला खालून निसटता येते, तो वर जाण्याचे धाडस निर्भयपणे करतो.

तिसरे शहाणपण, नियम. आमच्यासारख्यांची फजिती येथेच होते. संघटनेच्या नियमांत प्रतिस्पर्ध्याला खाली पाडल्यास २ गुण, खालून त्याला उलथवून वर आल्यास २, पोटावर गुडघा रोवल्यास २, पायांचा अडसर ओलांडल्यास ३, छातीवर बसल्यास किंवा पाठीमागून पायांची आकडी घालून सवार झाल्यास ४ गुण. मात्र ती स्थिती तीन सेकंद टिकली पाहिजे. पांढऱ्या पट्ट्याच्या प्रौढ गटाची कुस्ती पाच मिनिटांची. मनगट मुरगळणे, टाचेला पीळ देऊन गुडघा अडचणीत आणणे, उडी मारून प्रतिस्पर्ध्याच्या कमरेला पायांची मिठी घालणे, हे नवशिक्यांना वर्ज्य. एवढे चार ओळींचे ज्ञान. पण कित्येक मुले दोन सेकंद छातीवर बसून उतावळेपणाने पुढची पकड शोधतात आणि हाती आलेले चार गुण घालवून बसतात. तीन आकडे मोजून मग हलणारा मुलगा त्यांच्याहून कमी शिकलेला असूनही जिंकतो.

चौथे शहाणपण, दम. जत्रेतील मोठे मल्ल आरंभी बराच वेळ खडाखडी करीत. प्रेक्षक कंटाळत, पण मल्ल तेवढ्यात समोरच्याचे बळ जोखत आणि आपला श्वास ताळ्यावर आणीत. नवशिका मात्र पहिल्या मिनिटातच अंगरख्याच्या बाह्या मुठींत आवळून धरतो, श्वास कोंडतो, आणि दुसऱ्या मिनिटाला त्याची बोटे उघडत नाहीत. यावर वर्गातला उपाय सोपा आहे. स्पर्धेपूर्वी काही आठवडे पूर्ण पाच मिनिटांच्या लढती अनोळखी भिडूंशी कराव्यात, आणि प्रत्येक झटापटीत श्वास सोडण्याची सवय लावावी.

आणि पाचवे शहाणपण थोपटण्याचे. हे आपल्या कुस्तीत नाही, म्हणून आम्हांस कळले नाही. आपल्या मातीत हार अंगावर येते. या विद्येत ती आपल्या हाताने मान्य करावी लागते. वर्गात पोरे दिवसातून दहा वेळा थोपटतात आणि हसत पुन्हा उभी राहतात. थोपटतात म्हणूनच रोज जोर लावून लढता येते आणि हात-पाय शाबूत राहतात. वेळेवर थोपटणे हे या विद्येचे पहिले अक्षर आहे. आमच्या पुतण्याला ते येत होते. आम्ही ओरडून त्याला विसरायला लावले.

येथे एका थोर मराठी मल्लाचे स्मरण करणे उचित होईल. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले. मातीत वाढलेल्या या मल्लाला गादी आणि आंतरराष्ट्रीय नियम दोन्ही नवे होते. म्हणजे त्या आखाड्यात ते नवशिकेच होते. त्यांचा सहावा क्रमांक आला. पदक नाही म्हणून कोणी त्यास अपयश म्हणू शकेल. पण सहावा आलेला तो मल्ल गादी म्हणजे काय हे शिकून परतला. चार वर्षांनी हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. १९५२ च्या त्या ऑलिंपिकमध्ये खाशाबांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या गटात सुवर्णपदक मिळवणारे जपानचे शोहाची इशी हे मूळचे जूडोचे मल्ल होते. युद्धानंतर जपानमध्ये जूडोवर बंदी आली म्हणून ते कुस्तीकडे वळले होते. ज्या जूडोची एक शाखा ब्राझीलला जाऊन रुजली, त्याच जूडोत घडलेला मल्ल आणि कराडच्या मातीत घडलेला मल्ल हेलसिंकीच्या गादीवर समोरासमोर आले होते. तेव्हा ही विद्या आपल्याला अगदीच परकी आहे असे समजण्याचे कारण नाही.

खर्डेकरांचे उदाहरण आम्ही आणखी एका कारणासाठी देतो. त्यांनी लंडनचा सहावा क्रमांक पाहिला होता आणि तरीही घर गहाण टाकले. वडीलधाऱ्याचे काम कोणते, हे त्यात स्पष्ट दिसते. कडेला उभे राहून ओरडणे सोपे असते. हरलेल्याच्या पाठीशी चार वर्षे उभे राहणे कठीण.

आपण घरापासून दूर राहणारी माणसे. गावी असतो तर आपल्या मुलाला 'अमक्याचा नातू' म्हणून ओळखणारी शंभर माणसे भेटली असती. येथे ती ओळख नाही, म्हणून मुलाच्या गळ्यातल्या पदकाकडून आपण ती मागतो. शाळेत पहिला आला, स्पर्धेत जिंकला, म्हणजे या नगरीत आपण कोणीतरी झालो असे वाटते. त्या दिवशी "हार मानू नकोस" असे ओरडताना आम्ही पुतण्याच्या हाताचा विचार करीत नव्हतो. आमच्या मानाचा करीत होतो. मुलाच्या पाच मिनिटांच्या कुस्तीवर आपल्या परक्या मुलखातील साऱ्या वास्तव्याचा भार टाकू नये. तो भार कोवळ्या कोपराला पेलत नाही.

उत्तरार्ध थोडक्यात सांगतो. आठ-नऊ महिन्यांनी पुतण्या पुन्हा उतरला. मधल्या काळात त्याने नवे काही फार शिकले नाही. वर्गातील बहुतेक मुले बसून किंवा गुडघ्यांवरून लढण्यास आरंभ करीत, उभ्याची कुस्ती कोणी फारशी करीत नसे. म्हणून आम्ही त्याला गावच्या तालमीतला एकेरी पट दाखवला. त्याच्या शिक्षकांनी त्यात एक दुरुस्ती सुचवली: मातीत मान खाली घालून पटात शिरले तरी चालून जाते, येथे खाली घातलेल्या मानेला गळ्याचा फास बसतो, तेव्हा डोके वर आणि प्रतिस्पर्ध्याच्या बरगडीला टेकलेले असावे. तेवढा एक डाव त्याने रोज घोटला. स्पर्धेत पहिल्या कुस्तीत त्याने तो पट काढला, वर राहिला, तीन आकडे मोजले, दोन गुण मिळाले. पुढची चार मिनिटे समोरच्याच्या पायांचा अडसर ओलांडण्याचा प्रयत्न करीत राहिला. जमले नाही, पण खालीही आला नाही. दोन विरुद्ध शून्य. आमच्या आजोबांच्या वेळचा पट बंगळूरच्या गादीवर लागलेला पाहून आमचे डोळे भरून आले, हे येथे कबूल करतो.

दुसऱ्या कुस्तीत त्याच्या गळ्याला फास बसला. आम्ही तोंडावर रुमाल धरून बसलो होतो. त्याने स्वच्छ दोनदा थोपटले, उठला, प्रतिस्पर्ध्याला मिठी मारली आणि हसत आमच्याकडे आला. पहिल्या विजयाच्या वेळी झाला त्याहून आम्हांस त्या थोपटण्याच्या वेळी अधिक आनंद झाला. त्याला पदक मिळाले नाही. पण तो अखंड हातापायांनी, निर्भय मनाने आणि उद्या वर्गात काय विचारायचे हे ठरवून परत आला. नवशिक्याचे पहिले यश याहून निराळे असते असे आम्हांस आता वाटत नाही.

तेव्हा सतरंजीवरच्या बालमित्रांनो, स्पर्धेत अवश्य उतरा. थोडे शिका, पक्के शिका, नियम पाठ करा, श्वास सोडा, आणि वेळ आली तर लाज न बाळगता थोपटा. आणि खुर्च्यांवरच्या मंडळींनो, जोड बरोबर लागली आहे ना एवढे पाहा. मग शांत बसा.

आमचा पुतण्या आता नोकरीला लागला आहे. अजूनही स्पर्धेला जातो आणि आम्हांसही नेतो. त्याची अट एकच असते: काकांनी ओरडायचे नाही. आमचीही एक अट आहे, ती त्याने मान्य केली आहे. कुस्ती झाली की, तो जिंको अथवा हरो, आम्ही खिशातली पुडी काढतो आणि त्याच्या हातावर चार रेवड्या ठेवतो. समोरच्या मुलालाही देतो. त्याला त्या कशासाठी हे कळत नाही, पण आजवर एकानेही नाही म्हटलेले नाही.